मिस्त्री आले की पंप गप्प

सकाळी सहा वाजता इमारतीचा पाण्याचा पंप घरघरला. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शाळेतल्या बाईंनी तो आवाज बाथरूममध्ये, तोंडात ब्रश असताना ऐकला. भिंतीआडून आधी पाणी सुटल्याचा सळसळाट आला आणि त्याच्या मागोमाग ‘घर्रर्र, घर्रर्र’. पाइपात कुणी लोखंडी गोटी नाचवावी तसा. बाईंनी चूळ भरली आणि चेअरमनना फोन लावला.

“आपल्या पंपाचं काही खरं नाही,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या घटका मोजतोय.”

चेअरमन तसेच चपला न घालता तिसऱ्या मजल्यावर मिस्त्रींकडे धावले. मिस्त्रींचं सगळं आयुष्य पंप दुरुस्त करण्यात गेलं होतं. वर्कशॉप सोडल्यापासून इमारतीचा हा पंप एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं, आणि त्याला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. दार उघडायला जरा वेळ लागला. मिस्त्री तोंड पुसत बाहेर आले.

दोघे खाली पंपघरात गेले. पंप एका लयीत, बिनतक्रार चालला होता. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

“ठणठणीत आहे.”

“मग बाईंनी ऐकला तो आवाज?”

“स्वप्न पडलं असेल.”

“दात घासताना?”

संध्याकाळी सहाला पंप पुन्हा घरघरला. या वेळी तळमजल्यावरच्या शिंप्यानेही ऐकला. मिस्त्रींना हाक गेली, मिस्त्री आले, पंप गप्प.

“तुम्ही आलात की शहाण्यासारखा वागतो,” शिंपी म्हणाला. “आमच्याकडे पोरांचं असंच आहे. मी घरात शिरलो की पुस्तक उघडतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तोच प्रकार. आता मात्र चेअरमन गंभीर झाले. “मिस्त्री, राग मानू नका. आज रात्री आठला मीटिंग आहे. एक कंपनी वर्षभर पंप सांभाळायला तयार आहे. तुम्हाला आवाजच सापडत नसेल, तर कमिटीला विचार करावा लागेल.”

“संध्याकाळपर्यंत थांबा,” मिस्त्री म्हणाले. “सगळे भाग सुटे करून दाखवतो.”

आता जे मिस्त्रींच्या बायकोखेरीज इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, ते. मिस्त्रींच्या छातीत कफ साठत असे. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना परवाच एक हातात मावणारं यंत्र दिलं होतं. दिसायला आखूड, जाड शिट्टीसारखं. आत पोलादी गोळी. नाकाने खोल श्वास घ्यायचा, क्षणभर धरायचा, मग यंत्र तोंडात धरून सावकाश फुंकायचं. फुंकलं की गोळी उडू लागते, तिची थरथर थेट छातीत उतरते आणि चिकटून बसलेला कफ सुटतो. मग तोंड उघडून ‘हाः’ करून तो बाहेर टाकायचा. “गाल फुगवू नका आजोबा, नाहीतर सगळी थरथर गालातच राहील,” असं त्या मुलीने बजावलं होतं. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, असा त्यांनी नेम ठेवला होता.

नेम कडक होता आणि गुप्तही. दम लागणाऱ्या माणसाच्या हाती पंप कोण देईल, ही मिस्त्रींची धास्ती. म्हणून ते बाथरूमचं दार लावून, बादलीवर नळ पूर्ण सोडून मगच फुंकत. नळाच्या आवाजात त्यांना स्वतःलाही यंत्र जेमतेम ऐकू येई. पण बाथरूमची खिडकी उघडत होती ती सगळ्या इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत. तिथे तो आवाज चौपट होऊन खालपर्यंत घुमत जाई.

दुपारपर्यंत पंप आज बंद पडणार ही बातमी घरोघरी पोचली. मग काय, ज्याने त्याने हाताला लागेल ते भरायला सुरुवात केली. बादल्या, पातेली, कुकर. शिंप्याने कपडे भिजवायचा टब भरला. बाईंनी फुलदाण्यासुद्धा सोडल्या नाहीत. वरची टाकी तळाला गेली, म्हणून पंप चालू ठेवावा लागला. भरेल तेवढं पाणी लोक ओढून घेत होते, म्हणून तो चालूच राहिला. एरवी दिवसाला तासभर चालणारा पंप त्या दिवशी दुपारी एक ते पाच अखंड पळाला. पाच वाजता मिस्त्रींनी तो बंद केला तेव्हा त्याच्यावर हात ठेववत नव्हता.

त्यांनी वायर काढली, पाने घेतले आणि पंप उलगडला. भाग जुन्या चादरीवर ओळीने मांडले. भोवती निम्मी इमारत उभी.

“कुठे काही नाही,” मिस्त्री म्हणाले. घाम पुसताना त्यांना धाप लागली होती, ती त्यांनी खोकल्यात लपवली.

तेवढ्यात वरून बायकोची हाक आली. “अहो, वर या. सहा वाजले!”

“आलोच दोन मिनिटांत,” म्हणून मिस्त्री गेले.

वर नळ सोडला तर नळाला टिपूस नाही. मिस्त्री घुटमळले. पण छाती कफाने भरून आली होती आणि खाली सगळे वाट पाहत होते. त्यांनी यंत्र तोंडाला लावलं.

खाली, चादरीवर पसरलेल्या पंपासमोर, सगळ्यांनी स्वच्छ ऐकलं. ‘घर्रर्र, घर्रर्र.’

शिंपी दोन पावलं मागे सरला. “वायर काढलीय ना?”

“काढलीय की. ही काय माझ्या हातात,” चेअरमन म्हणाले, आणि हातात काय आहे हे लक्षात येताच त्यांनी ती झुरळासारखी फेकून दिली.

“वरून येतोय!” बाई ओरडल्या आणि भिंतीला कान लावत जिना चढू लागल्या. मागे चेअरमन, शिंपी आणि बाकीची वरात. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मिस्त्रींच्या बायकोने दार उघडलं.

“आवाज तुमच्या बाथरूममध्ये आहे,” चेअरमन धापा टाकत म्हणाले.

“आवाज कसला? हे आहेत आत.”

आतून एक दणदणीत ‘हाः’ आला. मग दार उघडलं. मिस्त्रींच्या हातात यंत्र होतं आणि लपवायला जागा नव्हती.

“पुन्हा करा बघू,” बाईंनी वर्गात सांगावं तसं फर्मावलं. मिस्त्रींनी फुंकलं. “हाच! अगदी हाच! आणि मला म्हणे स्वप्न पडलं!”

“मिस्त्री,” चेअरमन म्हणाले, “छातीचं दुखणं अंगावर काढताय आणि आम्हाला सांगत नाही?”

“सांगितलं असतं, तर पंप ठेवला असता माझ्याकडे?”

चेअरमन जिन्याकडे बघू लागले. उत्तर बाईंनी दिलं. “काका, दोन दिवस आख्खी इमारत तुमचा कफ ऐकतेय. आता लपवायचं काय राहिलंय?”

आधी शिंपी हसला. मग सगळेच हसले, मिस्त्रीही.

“म्हणजे पंप चांगला आहे?” चेअरमननी विचारलं.

“कालपासून दुसरं काय सांगतोय मी?”

“मग कंपनीचा विषय संपला. बसवा पंप. मीटिंग तिथेच घेऊ.”

पंपघरात त्या रात्री सणासुदीसारखी गर्दी झाली. कुणी बॅटरी धरली, कुणी पाने पुढे केले, सल्ला सगळ्यांनी दिला. मिस्त्रींचे हात भराभर चालत होते. छाती मोकळी झाली होती. कितीतरी दिवसांनी आज वाकून काम करताना त्यांना धाप लागली नाही. आठाच्या सुमाराला त्यांनी शेवटचा नट आवळला आणि बटण दाबलं. पंप चालू झाला. एका लयीत, बिनतक्रार. टाळ्या पडल्या.

चेअरमन खाकरले. “तर ठराव असा, की पंपाची देखभाल यापुढेही मिस्त्रींकडेच...”

‘घर्रर्र.’

सगळ्यांच्या माना एकदम मिस्त्रींकडे वळल्या.

“काका,” बाई हळूच म्हणाल्या, “तुम्हीच ना?”

दारात उभ्या असलेल्या बायकोने पदराखालून हात काढला आणि यंत्र सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक दुपारभर पळवलेल्या पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. 

शेवटची बातमी हाती आली तेव्हा ठराव अर्ध्यावर थांबलेला होता, आवाज चालू होता आणि मिस्त्रींचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.