फुंकांनी मोजलेले भूम

१४ एप्रिल २०२४, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे. करीमचाचांच्या मते भूमचे एसटी स्टँड आमच्या दारापासून नऊ फुंकांवर होते.

किलोमीटर, मिनिटे ही मापे चाचांनी कधी मानली नाहीत. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात त्यांची हयात गेली. एका श्वासात सूर जेवढा लांबवता येई, ती एक फुंक. चहा दोन फुंका उकळायचा. लग्नातले भाषण तीन फुंकांहून लांबले की, "नवरी म्हातारी हुईल," असे ते यजमानांना ऐकू जाईल इतपत हळू म्हणत. माझे वडील त्याच बँडमध्ये ढोल वाजवत. शाळेत असताना मी मिरवणुकीत या दोघांच्या मधून चालायची. तेव्हा स्टँड चार फुंकांवर होते.

स्टँड आजही तिथेच आहे. आखडली होती ती फुंक.

मी पुण्यात पेशींतील प्राणवायूच्या टंचाईवर संशोधन करते. चाचांच्या फुप्फुसांना सूज होती आणि डॉक्टरांनी वाजवायला मनाई केली होती, म्हणून जयंतीच्या मिरवणुकीपूर्वी मी त्यांना ओट्यावर बसवून सगळे समजावले. पेशी एक प्रथिन सतत बनवते. प्राणवायू पुरेसा असला की काही विकरे, म्हणजे एन्झाइम, ते लगेच मोडायला लावतात. टंचाई आली की मोडणे थांबते, प्रथिन साचते आणि बचावाची जनुके जागी होतात. पण हीच विकरे दाहालाही आवरून धरतात. ती थंडावली की दाहाचा संदेशवाहक मोकळा सुटतो आणि त्याच प्रथिनाचे उत्पादन आणखी वाढवतो.

"म्हंजी कारभारी एक, खाती दोन," चाचा म्हणाले. "कारभारी निजला की दोन्हीकडं बोंब. व्हय ना?"

"व्हय. आणि तुम्ही वाजवलंत की तो निजतो."

बऱ्याच घासाघिशीनंतर ठरले: चाचांनी नुसती बोटे फिरवायची, चाल कॉर्नेटवाल्या वाघमारेकाकांनी ओढायची. ओठ सोलवटलेल्या माणसाला बँडमध्ये ही सवलत पूर्वीपासून आहे. चाचांनी गाल इतके मनापासून फुगवले की सगळी शाबासकी त्यांनाच मिळाली. "फुकतोय म्या, अन् मान डोलावतोय ह्यो," वाघमारेकाका कुरकुरले.

आमच्या दारापुढे चाचा थांबले. वडील गेल्यापासून मिरवणूक आली की आई आतल्या खोलीत जाऊन बसते. चाचांनी हाताने वाघमारेकाकांना गप्प केले आणि खरोखर फुंकले. वडिलांच्या आवडीची चाल. ढोलाच्या जागा त्यांनी मोकळ्याच सोडल्या. त्यांना अडवायला मी पुढे झाले होते. तिसऱ्या मोकळ्या जागेला आई उंबऱ्यावर आली, आणि मी होते तिथेच राहिले.

चाल पुरी करून चाचा ओट्यावर बसले. न सांगता त्यांनी बोट पुढे केले. मी प्राणवायू मोजण्याचा चिमटा लावला.

"मोठ्यानं वाचू नको, बेटा," ते थांबत थांबत म्हणाले. "भाभी ऐकत्यात."

मी मनातच वाचले आणि नोंदवले: ८४ टक्के.