तापलेली डिस्क

ज्या घरात पासवर्ड एकालाच माहीत असतो, त्या घराला तज्ज्ञ आपोआप लाभतो. या घराला बाबा लाभले होते.

राउटरशेजारचा काळा डबा त्यांच्या अखत्यारीत येई. आत दोन डिस्क. घरातले सगळे फोटो नि व्हिडिओ दोन्हींवर सारखेच उतरत, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहावी. (योजना निर्दोष होती. फक्त एक गेल्याचं कुणाला तरी कळायला हवं होतं.) बाबांची आई, म्हणजे आजी, आता नव्हती; तिचा आवाज असलेला एकुलता एक व्हिडिओ त्या डब्यातच होता.

मध्यंतरी डबा टीं-टीं करू लागला. बाबांनी सखोल अभ्यासाअंती टीं-टीं बंद करायची सोय शोधली. मग लाल दिवा लागला. त्यावर चिकटपट्टी लावण्यात आली. तक्रार-निवारण शंभर टक्के.

एके दुपारी धाकट्या लेकीने ती पट्टी सोलली आणि ओरडली, "बाबा, यातली एक डिस्क गेलीय!"

बाबांनी तातडीने तपासणी हाती घेतली. कपाळावर ठेवतात तसा दोन्ही डिस्कवर हात ठेवला. डावी गार. उजवी चांगलीच तापलेली.

"हिलाच ताप आहे," असं निदान करून त्यांनी उजवी उपटली.

पडद्यावर उमटलं: साठा कोसळला आहे.

"बाबा," धाकटी हळूच म्हणाली, "तापलेली काम करत होती. गार पडलेली गेलीय." (माणसांचंही असंच असतं, हे बाबांच्या उशिरा ध्यानात आलं.)

"अहो, त्यात आईंचा व्हिडिओ आहे ना?" आईने दारातून विचारलं.

बाबांनी उजवी घाईघाईने परत बसवली. पडद्याने काहीतरी विचारलं आणि बाबांचं बोट सवयीने 'होय'कडे निघालं. आजवर समोर आलेल्या प्रत्येक अटीला त्यांनी न वाचताच होय म्हटलं होतं (लग्न धरून, असं आईचं मत).

"थांब! आधी मोठ्याने वाच," धाकटी म्हणाली.

"'सर्व पुसून नवा साठा...'" बाबांनी बोट झटकन मागे घेतलं.

"आता त्याच्या खालचं."

"'जुना साठा दुरुस्त करायचा का?'"

या वेळी 'होय' वाचून दाबलं. दुरुस्तीचे टक्के मुंगीच्या पावलांनी चढले. जेवणं डब्यासमोरच उरकली. शेवटी व्हिडिओ उघडला. निम्मा पडदा बाबांच्या अंगठ्याने व्यापलेला, उरलेल्या निम्म्यात आजी: "अरे, बोट काढ की! दिसतेय का मी तुला?"

"दिसतेयस," बाबा पडद्याला म्हणाले.

लगेच ठराव मांडला गेला, की सगळ्याची एक वेगळी प्रत काढून डब्याबाहेर ठेवावी. एकमताने संमत. अंमलबजावणी: येता रविवार.

हा ठराव गेल्या वर्षीचा. तुम्ही मात्र हसू नका. हे वाचता वाचता तुम्हीही मनातल्या मनात एक रविवार ठरवलाच आहे.