आठ पट्ट्या, चार चाकं

चाकांवर खुणा कशा करायच्या, हे मला कुणी शिकवायला नको! आमच्या नॉर्वेत बर्फ पडायच्या आत उन्हाळी चाकं उतरवून हिवाळी चढवायची आणि ईस्टर झाला की पुन्हा उलटं. उतरवलेलं चाक कुठलं ते त्याच्यावर लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला गोंधळ नको. माझे सासरे, स्वेर्रे, खडूनं लिहितात. खडूनं!

मी मात्र वसंतात सासऱ्यांनी हिवाळी चाकं उतरवली तेव्हा कडक प्लास्टिकच्या पट्ट्या करून आणल्या. 'पुढचे डावे', 'मागचे उजवे', ठसठशीत अक्षरात. पाण्यानं पुसणार नाहीत अशा. प्रत्येक चाकाला दोन पट्ट्या, एक बाहेरून, एक आतून. तळघरात चाक पालथं पडलं तरी वाचता आलं पाहिजे ना!

"एक पुरली असती की रे," माझी बायको सुन्निवा म्हणाली.

"आणि ती निघाली तर?"

"जावईबापू, चाकं साठवताय की परदेशी पाठवताय?" सासऱ्यांनी विचारलं.

ऑक्टोबरात सासऱ्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि चाकं चढवायचा मान पहिल्यांदा मला मिळाला. बाहेरच्या पट्ट्या ऐटीत उपटल्या, पट्टीवर लिहिलं होतं तिथंच एकेक चाक बसवलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. डोंगरापलीकडच्या सासऱ्यांच्या गावी आमच्या तान्ह्या लिवचा बाप्तिस्मा होता. शेजारी सासरे. मागे सुन्निवा, मध्ये लिव आणि सासूबाई गुडनी. त्यांच्या मांडीवर एकावर एक रचलेल्या बदामी कड्यांचा उंच केक.

घाट लागला, बर्फ भुरभुरू लागलं आणि आवाज सुरू झाला. टक. टक. टक.

"हे काय वाजतंय?" सासरे.

"रस्ता," मी म्हणालो. वेग वाढवला. टकटकटकटक! वेग कमी केला. टक... टक... रस्ता असा वागत नाही, हे मलाही कळत होतं.

"माझ्या खालून येतोय," सासूबाई म्हणाल्या.

"नाही गं आई, माझ्या बाजूनं!"

"दोघी गप्प बसा. माझ्या खालचं चाक आहे," सासरे म्हणाले.

मला तर तो माझ्या पायाखालून ऐकू येत होता! म्हणजे चारही चाकं? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला थेट खाली फ्योर्डचं, डोंगरात घुसलेल्या खाडीचं, काळं पाणी, आणि मागे माझी लेक अंगठा चोखत झोपलेली. ही चाकं मी बसवली होती. दुसऱ्या कुणीही नाही!

जागा दिसताच गाडी थांबवली. पाना काढून एकेक नट आवळायला गेलो. एकही तसूभर हलेना. माझा जीव भांड्यात पडला.

तो सासऱ्यांनी लगेच बाहेर काढला. "नट घट्ट आहेत आणि तरी वाजतंय? मग आतलं काहीतरी तुटत आलंय."

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसाल का?" सुन्निवा ओरडली. मग माझ्याकडे वळली. "अरे, तुला नक्की येतात ना चाकं बसवता?"

मी तोंडानं हो म्हणालो. आतून मात्र देवाची करुणा भाकत होतो. मदत बोलावली तरी ती तिथं पोचेपर्यंत आम्ही गोठलो असतो, म्हणून तसाच घाट उतरायचं ठरलं. बैलगाडीच्या वेगानं! सासूबाईंनी केक सासऱ्यांकडे दिला आणि दोन्ही हातांनी लिवला धरलं. टक. टक. टक. मागे एक गाडी येऊन चिकटली. तिनं दिवे मारले. मग हॉर्न. मग लांबलचक हॉर्न!

"चाक निखळलं!" मी किंचाळलो आणि करकचून ब्रेक दाबला. केकची वरची तीन कडी सासऱ्यांच्या गळ्यात गेली. लिव जागी होऊन भोकाड पसरू लागली.

मागच्या गाडीतून एक बाई उतरल्या. पाहतो तर पाद्रीबाई! लिवचा बाप्तिस्मा ज्या करणार होत्या, त्याच. माझ्यामागे अडकून त्यांनाही उशीर झाला होता. मी काच खाली केली.

"कुठलं चाक गेलं, बाई?"

"चाकं चारही आहेत. पण तुमच्या चाकातून हे उडालं आणि माझ्या काचेवर आदळलं." त्यांनी हातातली पट्टी वाचली. "'मागचे उजवे.' आणि खाली बारीक अक्षरात, 'चाक बसवण्याआधी दोन्ही पट्ट्या काढाव्यात.'"

लिवसुद्धा रडायची थांबली.

"खडू, जावईबापू," गळ्यातलं बदामी कडं मोडून तोंडात टाकत सासरे म्हणाले, "गाडी चालली की आपोआप पुसला जातो."

आतून उरलेल्या तीन पट्ट्या मी चर्चच्या आवारात, नव्या सुटात, पाठीवर झोपून गाडीखालून उपटल्या. लिवचा बाप्तिस्मा झाला. पाणी तिच्या डोक्यावर पडलं आणि रडलो मी. जिवंत पोचलो होतो, सगळे!

जेवायला गेलो तर सासूबाईंनी पट्ट्या धुऊन टेबलावर मांडल्या होत्या, कुणी कुठं बसायचं ते दाखवायला. 'पुढचे डावे' सासऱ्यांना, 'पुढचे उजवे' पाद्रीबाईंना. 'मागचे उजवे' पार टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथं मी.

जाऊन बसलो. पण एक सांगतो, चिखल, मीठ, बर्फ, सासूबाईंची घासणी, एवढं सगळं होऊनही माझं एक अक्षर पुसलं नव्हतं!