कुरण्यांच्या घरचं जपानी गाणं

निंबसर नगरपरिषदेत जपानी गाण्यांची शिफारस नावाच्या पहिल्या ध्वनीप्रमाणे होते आणि त्यासाठी पहिल्या मजल्यावर दहा खिडक्या आहेत. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, याच क्रमाने. घरपट्टी तळमजल्यावर भरतात.

शिफारस झालेलं गाणं अर्जदाराबरोबर त्याच्या घरी जातं आणि तिथंच राहतं. गाणी दिसत नाहीत. पण बसली की बाकाची फळी दबते आणि समोर ठेवलेला चहा अर्धा संपतो. का-खिडकीची गाणी स्वयंपाकघरात रमतात. सा-खिडकीची उन्हाला बसतात, त्यांना माळ्यावर ठेवू नये. ना-खिडकीची गाणी भांडणाऱ्या जावांच्या घरी देतात, मग निदान एक जाऊ तरी गप्प बसते. रा-खिडकीला गाणी कमी, वा-खिडकीला त्याहून कमी, म्हणून त्या दोन खिडक्यांना मिळून एकच कारकून, आणि तोही बहुतेक रजेवर.

या विभागाच्या मुख्य लिपिक इंदुमती ढवळे. कामाला चोख, पण सरकारी नोकरीत न शोभणारी एक खोड त्यांना होती: चौकशीची हौस. अर्जावर नऊ प्रश्न छापलेले असत आणि ढवळेबाईंच्या जिभेवर कायम दहावा असे. सव्वीस वर्षं त्यांनी तो गिळला होता.

दर माघात गाण्यांची हजेरी होते. कुटुंबप्रमुखाने गाणं घेऊन यायचं आणि खिडकीसमोर उभं राहून त्याचं नाव सांगायचं. नावाचा पहिला ध्वनी कळला, की त्या ध्वनीची वही उघडून नोंद तपासतात. नाव सांगितल्याशिवाय वही उघडत नाही आणि वही उघडल्याशिवाय नाव कळत नाही. गाणं स्वतःचं नाव सांगत नाही, तशी तरतूद नाही. नाव सांगितलं गेलं नाही किंवा चुकीची वही उघडली गेली, तर त्या गाण्याला गुरुवारच्या चार दहाच्या जपान गाडीने परत पाठवतात. गाडी कऱ्हाडमार्गे जाते. लांबचा पल्ला असल्याने ती वेळेवर सुटते.

हजेरीच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी तीन वाजता, वत्सला कुरणे आल्या. वय साठीच्या पुढचं, पायात रबरी चपला, हातात पिशवी. त्या बाकावर बसल्या, मग त्यांच्या शेजारची फळीही दबली.

"नाव?" ढवळेबाईंनी विचारलं.

"वत्सला कुरणे."

"तुमचं नव्हे. गाण्याचं."

कुरणेबाईंनी पदर सारखा केला. "त्याला आम्ही पाहुणं म्हणतो."

"पाहुणं हे नाव नाही. गेल्या वर्षी कोण आलं होतं?"

"मालक. एकेचाळीस वर्षं तेच यायचे. श्रावणात गेले."

ढवळेबाईंनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे आता कुटुंबप्रमुख तुम्ही. नाव तुम्हालाच सांगावं लागेल."

"ठाऊक आहे मला. पण घेता येत नाही."

"विसरलात का?"

"विसरीन कशी? रोज सकाळी मालक त्याला नावानं उठवायचे. ते गेल्यापासून कुणी बोलावलंच नाही बघा त्याला. आता ते स्वतःचीच सुरुवात विसरलंय. मधूनच लागतं."

तेवढ्यात बाकावरचं गाणं सुरू झालं. खरोखरच मधून. चार पावलं गेलं, थांबलं, पुन्हा त्याच जागेवरून निघालं. मागच्या दाराने घरात शिरलेल्या माणसासारखं ते बावचळलं होतं. इतर खिडक्यांवरच्या लोकांनी माना वळवल्या, मग सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

"तब्येत बरी नाही का त्याची?" ढवळेबाईंनी विचारलं. हा प्रश्न अर्जात नव्हता.

"खोकतंय जरा. रात्री पिवळी घालून दूध देते."

"पिवळी?"

"स्वयंपाकात घालतो ती. डाळीत, भाजीत."

ढवळेबाईंना गंमत वाटली, पण घड्याळात सव्वातीन झाले होते. "लिहून देता का नाव? तोंडी सांगायचा नियम आहे, पण मी वाचून घेईन."

"लिहिणं म्हणजे घेणंच की बाई."

कुरणेबाई उठल्या, खिडकीपाशी आल्या आणि बाहेर, चौकातल्या मारुतीच्या देवळाकडे बोट दाखवून कुजबुजल्या, "त्या देवाच्या नावाचं पहिलं अक्षर ना, तेच पाहुण्याचं."

ढवळेबाईंना हायसं वाटलं. त्यांनी मा-खिडकीच्या कपाटाची किल्ली उचलली, कुलपात घातली आणि अर्धी फिरवलीही.

"अगं बाई, मा नव्हे!" कुरणेबाईंनी गजांतून हात आत घालून त्यांचं मनगटच धरलं. "त्या देवाचं दुसरं नाव! मालकांचं तेच."

किल्ली तिथंच राहिली. ढवळेबाईंच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. ही बाई तीनपासून बोलतेय, पण हो म्हणाली नाही, हा म्हणाली नाही, हळदीला हळद म्हणाली नाही.

"नवऱ्याचं आणि गाण्याचं अक्षर एकच," त्या हळूच म्हणाल्या.

कुरणेबाईंनी मान डोलावली. "पाहुणं आमच्या लग्नाच्या वर्षी आलं. सासूबाई म्हणाल्या, नवऱ्याचं अक्षर तोंडात यायला नको. नाही येऊ दिलं. चणे म्हणते, गारठ्याचे दिवस म्हणते. माणूस गेलं म्हणून काय अक्षर मोकळं झालं का?" आणि मग घाईने म्हणाल्या, "पण आता तुम्हाला कळलंय ना? मग उघडा की ती वही."

"मला कळून चालत नाही. अनुमान चालत नाही." हे वाक्य ढवळेबाईंनी आजवर शेकडो वेळा म्हटलं होतं. आज प्रथमच ते म्हणताना त्यांना वाईट वाटलं. "तुमच्या तोंडून यावं लागतं."

"मग न्या त्याला." कुरणेबाई बाकावर जाऊन बसल्या आणि दबलेल्या फळीच्या वर, गाण्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा त्यांनी हात फिरवला. "एवढ्या मोठ्या घरात ते अन् मी. दोघंच उरलोय."

त्यांचे डोळे भरून आले. गाणं पुन्हा मधूनच लागलं. साडेतीन झाले आणि एसटी स्टँडवरून जपान गाडीचा पहिला भोंगा ऐकू आला.

ढवळेबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. त्या वाचत होत्या, की नुसतीच पानं उलटत होत्या, सांगता येत नाही. पण पुस्तक मिटताना त्यांच्या जिभेवरचा दहावा प्रश्न बाहेर आला होता.

"कुरणेबाई, लग्नात नाव घेतलं होतंत ना?"

"घेतलं. उखाण्यात चालतं."

"मग आता घ्या."

कुरणेबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आता मला कोण नाव घ्यायला सांगतंय? संक्रांतीला शेजारच्या आळीत सगळ्यांना बोलावणं गेलं, मला नाही. माझ्यासारखीनं नाव घ्यायचं नसतं."

"नियम सहा," ढवळेबाई म्हणाल्या. "नाव कुटुंबप्रमुखाने स्पष्ट आणि ऐकू येईल असं उच्चारावं. यमकाला मनाई नाही. तुम्ही म्हणता तसली अट तर अजिबात नाही." आणि त्यांनी आवाज चढवला, लग्नघरात चढवतात तसा. "घ्या, नाव घ्या! आढेवेढे नकोत!"

ता-खिडकीच्या रांगेतल्या दोन बायका वळल्या. "घ्या की हो!" एक म्हणाली. काय चाललंय ते तिला ठाऊक नव्हतं, पण नाव घ्या म्हटल्यावर आग्रह करायचा एवढं ठाऊक होतं.

कुरणेबाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घेतला. आवाज लावला तो थेट जिन्यापर्यंत गेला.

"देवानं बांधली गाठ, ती कधी न मोडो,
हणमंतरावांच्या घरात नांदो 'हातो तो माडो'!"

बाकावरचं गाणं थांबलं. मग ते पहिल्यापासून सुरू झालं. ती सुरुवात त्या कार्यालयात कुणीच ऐकली नव्हती. साधीच होती, दार उघडून कुणी आत येतं तेवढीच. कुरणेबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडल्या, आणि रडताना हसल्याही.

ढवळेबाईंनी हा-खिडकीचं कपाट उघडून वही काढली. नोंद होती. 'हातो तो माडो', म्हणजे कबुतर आणि खिडकी. मुक्काम कुरणे यांचे घर. खाली हणमंतरावांच्या एकेचाळीस सह्या, एकीखाली एक. बेचाळिसाव्या ओळीवर कुरणेबाईंनी सही केली. शेऱ्याच्या रकान्यात ढवळेबाईंनी लिहिलं, 'नाव घेतले', आणि शिक्का मारला. चार दहाची गाडी वेळेवर, रिकामी सुटली.

कुरणेबाईंनी पिशवी उचलली, जिन्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. बाकाची फळी अजून दबलेलीच होती. गाणं उठेना.

"ते असंच," त्या म्हणाल्या. "नावानं बोलावल्याशिवाय जागचं उठत नाही. मालकांनीच लावलेली सवय."

"मग बोलवा ना," ढवळेबाई म्हणाल्या.

कुरणेबाई दोन पावलं मागे आल्या. मघाचा पदर खांद्यावर उतरला होता, तो त्यांनी पुन्हा डोक्यावर घेतला. लाजल्यासारख्या झाल्या.

"परत एकदा विचारा की बाई मला."

ता-खिडकीची रांग आपणहून वळून उभी राहिली. ढवळेबाईंनी शिक्का खाली ठेवला आणि विचारलं.