नावेतलं डोहाळजेवण आणि कोरडी पायरी

नियम वाचलेल्या माणसाचं जगात कुठेही अडत नाही, असं सारंगचं ठाम मत होतं. सिंगापूरमध्ये राहून राहून तर ते उन्हात विसरलेल्या सांडग्यासारखं कडक झालं होतं. बँकेत तो कम्प्लायन्सला होता, म्हणजे इतरांनी काय काय करू नये हे सांगण्याचा त्याला पगार मिळायचा. घरी येऊन तेच काम तो फुकट करी.

जुरोंग ईस्टच्या त्यांच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, कमिटीवर निवडून आल्याबरोबर त्याने मागच्या फाटकाला कुलूप ठोकलं. शेजारच्या इमारतींमधली माणसं त्या फाटकातून जवळच्या वाटेने एमआरटीला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, जात. "खाजगी म्हणजे खाजगी," सारंग म्हणाला. त्या कुलपामुळे पुढे त्याच्या स्वतःच्या आईलाही कोथिंबिरीच्या जुडीसकट अख्ख्या कॉन्डोला प्रदक्षिणा घालावी लागे, पण तत्त्व म्हटलं की थोडं चालणं आलंच.

अशा माणसाच्या बायकोला, गार्गीला, सातवा महिना लागला. पुण्याहून सारंगची आई अरुणाबाई आल्या, त्या सुनेचं डोहाळजेवण मनात पक्कं करूनच.

"नावेतलं करायचं," त्यांनी जाहीर केलं. "माझंही नावेतलंच झालं होतं. म्हणजे दिवाणखान्यात. नाव पुठ्ठ्याची होती. ह्यांनी स्वतः कापली होती, रात्रभर बसून. एका बाजूला जरा कलली होती, पण नावच होती."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी ती कललेली बाजू हाताने हवेत दाखवली. गार्गीला खरं तर नाव नको, पंखा हवा होता. पण त्या हाताकडे बघून ती म्हणाली, "हो आई, नावेतलंच करू."

"पुठ्ठ्याची कशाला?" सारंग म्हणाला. "आपण खऱ्या नावेत करू. मी बघतो."

'मी बघतो' हे शब्द ऐकले की गार्गीच्या पोटातलं बाळही हल्ली लाथ मारत असे.

सारंगने बघितलं. भाड्याने बॅटरीवर चालणारी एक गोल नाव मिळत होती. परातीसारखी गोल, मध्ये टेबल, भोवती बाक, डोक्यावर छत्री. चालवायला परवाना लागत नव्हता, आणि तरीही सारंगने तीन रात्री जागून पाण्याबद्दलचं सगळं काही वाचून काढलं.

"पाणी सगळ्यांचं असतं," त्याने नावेत पाय ठेवताना सांगितलं. "पाण्यावर कुणाची मालकी नसते. आणि भरतीचं पाणी जिथवर पोचतं, तिथवरची जमीनही सगळ्यांची. त्यापुढची मालकाची. आपला हक्क आपल्याला माहीत असला पाहिजे."

"माझा हक्क साखरभातावर आहे," उल्का म्हणाली. उल्का ही गार्गीची मैत्रीण. सिंगापूरमधल्याच क्वीन्सटाउनहून ती फोटो काढायला म्हणून आली होती, आणि आल्यापासून डबेच मोजत होती.

गार्गी हिरव्या साडीत, टेक्का मार्केटमधून आणलेल्या मोगऱ्याच्या दागिन्यांनी मढून बसली. मुकुट, बाजूबंद, वाक्या आणि रिवाजाप्रमाणे फुलांचा धनुष्यबाणही. टेबलावर डबे, ओटीचं सामान आणि झाकलेल्या दोन वाट्या होत्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खाडीवर वारा होता, अरुणाबाई गुणगुणत होत्या, आणि सगळं इतकं छान होतं की सारंगला राहवेना.

"तिकडे आतल्या बाजूला खारफुटी आहे," तो म्हणाला. "दाखवतो."

गोल नावेला पुढची बाजू नसते, मागचीही नसते. त्यामुळे ती खारफुटीकडे गेली ती गिरक्या घेत, मंगळागौरीच्या फुगडीसारखी. खारफुटी बघून झाली. परत फिरताना बॅटरीचा दिवा लाल झाला. आणि त्याच वेळी गार्गी म्हणाली, "सारंग, मला जायचंय."

"कुठे?"

"सातव्या महिन्यात बाई दर अर्ध्या तासाने जिथे जाते तिथे."

"परत पोचायला वेळ लागेल. धरवेल?"

"तुझ्या नावेने सहा गिरक्या घेतल्यात. नाही धरवणार."

समोरच्या काठावर हिरवंगार लॉन होतं, एक क्लबहाउस होतं, आणि पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांचा एक देखणा धक्का होता. धक्क्यावर साखळी, साखळीला पाटी: खाजगी मालमत्ता, फक्त सभासदांसाठी, नाव बांधू नये, मासेमारी नको, शिकार नको. आणि पाटीशेजारी युनिफॉर्ममधली, डोक्याला स्कार्फ बांधलेली एक मलय बाई. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं रोहानी.

"मकचिक!" उल्काने हाक मारली. मकचिक म्हणजे मलय भाषेतली मावशी. "आम्ही जरा..."

"तू बोलू नकोस," सारंगने तिला अडवलं. "कुणीच बोलू नका. विनवणी केली की हक्क गेला. हे मी हाताळतो."

आणि लक्ष वेधून घ्यायला हाताशी जे आलं ते उंच धरून तो नावेत उभा राहिला. हाताशी आलं होतं धनुष्य.

मकचिक रोहानींनी आधी पाटीकडे पाहिलं, मग धनुष्याकडे. "नो हंटिंग," त्या तिथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत म्हणाल्या. "पाणमांजर कॅनॉट. घोरपड कॅनॉट. पाटी वाच लाह."

"मॅडम, हे फुलांचं आहे."

"फुलांनी पण कॅनॉट."

सारंगने धनुष्य खाली ठेवलं आणि कम्प्लायन्सचा आवाज काढला. पाणी सगळ्यांचं. भरतीची रेषा. भिजणाऱ्या जमिनीवर सर्वांचा अधिकार. तो बोलत राहिला आणि नाव हळूहळू फिरत राहिली, त्यामुळे अर्धं भाषण मकचिकना ऐकू गेलं आणि उरलेलं अर्धं खारफुटीला.

मकचिकनी शांतपणे ऐकून घेतलं. रोज सभासदांची भांडणं ऐकणारी बाई ती. "म्हणजे ओली पायरी तुमची, कोरडी आमची?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर," सारंग खूश झाला.

"ओके. ओल्या पायरीवर उभे राहा. कोरड्या पायरीवर पाय टाकला की मी ऑफिसला फोन करणार."

हा विजय होता. सारंग रुबाबात ओल्या पायरीवर उतरला, एका हाताने नाव धरून. सिंगापूरच्या भूमीचा एक हक्काचा तुकडा त्याच्या पायाखाली आला होता. फक्त त्या तुकड्यावर बाथरूम नव्हतं.

"आता पुढे?" गार्गीने दात आवळून विचारलं.

"आता मुद्दा तत्त्वाचा आहे."

"माझा मुद्दा तत्त्वाचा नाहीये, सारंग."

ओहोटी लागली होती. पाणी खाली सरकत होतं आणि माथ्यावर सिंगापूरचं ऊन होतं. ते ऊन असं की ओला पापड क्षणात वाळून कडक व्हावा. सारंग उभा होता ती पायरी एका कडेने पांढुरकी होऊ लागली. मकचिक वाकून बघत होत्या.

"वाळली," त्यांनी निकाल दिला. "खाली."

सारंग एक पायरी खाली उतरला. थोड्या वेळाने तीही वाळली. तो आणखी खाली उतरला. भरतीची रेषा वेगळी आणि पायरी वाळणं वेगळं, हे तो परोपरीने समजावत होता, पण खालून वर बघत कायदा समजावणाऱ्या माणसाचं वजन पायरीगणिक कमी होतं. शेवटच्या पायरीवर शेवाळं होतं. सारंग तिच्यावर उतरला तो थेट कमरेपर्यंत सर्वांच्या मालकीच्या पाण्यातच.

"सारंगराव," उल्का फोटो काढत म्हणाली, "मिळाला हक्क. पूर्ण मिळाला."

"तुम्ही राहता तिथे असा कुणी आला तर तुम्ही काय करता?" मकचिकनी सहज विचारलं. त्यांना खरंच कुतूहल होतं.

अरुणाबाईंना इंग्रजी जेमतेम येई, पण हा प्रश्न त्यांना नेमका समजला. इतके दिवस कोथिंबीर घेऊन घातलेल्या प्रदक्षिणा त्यांच्या पायांत होत्या. "धिस," त्या सारंगकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लॉक गेट. माय सन. बिग लॉक."

मकचिकनी कमरेइतक्या पाण्यातल्या सारंगकडे पाहिलं. त्या नजरेत सारंगला आपण फाटकाला ठोकलेलं कुलूप दिसलं.

आणि मग गार्गी उभी राहिली. इतका वेळ ती टेबलाआड होती. काठावरून दिसत होती ती फक्त तीन डोकी आणि डबे, म्हणजे सहलीला आलेली मंडळी. ती उभी राहिली तेव्हा मोगऱ्याच्या मुकुटाखाली घामेजलेला चेहरा आणि हिरव्या पदराखाली गोल गरगरीत पोट दिसलं.

"मकचिक," ती म्हणाली. "प्लीज. टॉयलेट."

मकचिक रोहानींचा चेहरा बदलला. "किती महिने?"

"सात."

"सात!" त्यांनी साखळी अशी काढून फेकली की पाटीही तिच्याबरोबर आडवी झाली. "आमच्यात सातव्या महिन्याला सोहळा असतो. सात सारोंग, म्हणजे नेसायची कापडं, अंथरायची, त्यावर बाईला निजवून पोट हळूच डोलवायचं. माझ्या मुलीचं मी केलंय. आणि हा माणूस मघापासून पायऱ्या वाळवत बसलाय! आधी का नाही बोललात?"

"विनवणी केली की हक्क जातो," उल्काने इमानदारीने भाषांतर केलं.

मकचिक स्वतः पायऱ्या उतरल्या. ओल्या, कोरड्या, सगळ्या. गार्गीचा हात धरून त्यांनी तिला वर नेलं, तोंडाने 'स्लोली, स्लोली' चालूच. मागून अरुणाबाई गेल्या. मागून डबे, ओटीचं सामान आणि वाट्या घेऊन उल्का. सारंगने नावेची दोरी खांबाला गुंडाळायला घेतली तेवढ्यात वरून आवाज आला.

"नाव बांधायची नाही. पाटी वाच लाह."

"मग मी हाताने धरून बसतो."

मकचिकनी विचार केला. "धरणं म्हणजे बांधणंच. हाताने."

कम्प्लायन्सच्या माणसाला हा अर्थ नाकारता येईना. त्याने स्वतः तो बँकेत कितीदा लावला होता. सारंग निमूट नावेत चढला.

गार्गी परत आली ती चेहऱ्यावर असं तेज घेऊन, की अरुणाबाईंनी तिची दृष्टच काढली. मकचिकच्या चौकीत छोटासा एसी होता. गार्गी त्याच्यासमोरच्या खुर्चीत टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"आई," ती म्हणाली, "मला डोहाळे लागलेत. ह्या खुर्चीचे."

अरुणाबाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं. मग चौकीतला एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका त्यांना दिसला. तो त्यांनी फाडून गार्गीच्या पायांपुढे उभा केला. तो एका बाजूला जरा कलला.

"झाली नाव," त्या म्हणाल्या. आणि बराच वेळ त्या कललेल्या बाजूकडेच बघत राहिल्या.

ओटी भरली गेली. पहिली अरुणाबाईंनी भरली, दुसरी मकचिकनी, कुठून तरी एक केळं शोधून. मग वाट्या आल्या. गार्गीने एक उघडली. बर्फी. उल्काने आरोळी ठोकली, मकचिकनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी मिळून साखरभात संपवला. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की खाडीत सारंग आहे.

बॅटरी संपली होती. छत्री एका बाजूला कलून अडकली होती आणि नाव फिरली की ऊन नेमकं डोक्यावर येत होतं, म्हणून गार्गीने उतरताना नावेत काढून ठेवलेला मोगऱ्याचा मुकुट त्याने डोक्यावर ठेवला होता. मांडीवर धनुष्य होतं. पेढ्याची उरलेली वाटी मकचिकनी त्याला वरून झेलायला दिली, कारण पाण्यावर कुणाची मालकी नसते. तो पेढा खात मंद मंद गोल फिरत होता. मग भाड्याच्या दुकानातला माणूस मोटरबोट घेऊन आला आणि त्याला दोरीने घेऊन गेला, बाजारातून गाय न्यावी तसा. बायका टॅक्सीने घरी गेल्या.

सोमवारी मागच्या फाटकाचं कुलूप निघालं. 'देखभालीसाठी' अशी नोटीस होती. ती देखभाल अजून चालू आहे. पुढच्या रविवारी मकचिक रोहानी बाळाच्या झोळीसाठी सारोंग घेऊन आल्या, त्या एमआरटीवरून थेट त्याच फाटकाने.

चौकीतले फोटो सुंदर आले होते. पण अरुणाबाईंनी पुण्याला नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला तो नावेतला, कारण शब्द दिला होता नावेतलंच करायचं असा. मुकुट घातलेला, धनुष्य मांडीवर घेतलेला, वाटी हातात धरलेला सारंग, एकटाच, भर पाण्यात. खाली त्यांनी लिहिलं, 'नावेतलं डोहाळजेवण यथासांग पार पडलं.'

श्रीनिवासकाकांचं उत्तर लगेच आलं.

'वा, वा. अभिनंदन. सारंगला कितवा?'