दुसऱ्या मजल्यावरची मोकळी खोली

"थेसालोनिकीत घर मिळत नाही म्हणे! मला संध्याकाळपर्यंत मिळतं की नाही बघ!" नेस्तानने ग्रीसमधून जॉर्जियात आईला फोनवर ठणकावलं. सोमवारी बेकरीत कामावर रुजू व्हायचं, तर कागदावर पत्ता हवा. भाड्याची पाटी दिसली तरी ती फोन करणार नव्हती. फोनवर परकं नाव ऐकलं की घरमालक बहिरे होतात. थेट समोर उभं राहायचं!

एका इमारतीवर भाड्याची पिवळी पाटी दिसली. दुसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं, आत ही गर्दी!

'एवढी गिऱ्हाइकं!' नेस्तान कोपरं मारत आत घुसली. कोणीतरी हातात कॉफी आणि ब्रँडी दिली. वा! असा घरमालक शोधून सापडायचा नाही.

काळ्या कपड्यांतल्या घरमालकीण एव्हान्थियाबाई पुढे आल्या. "तूही आलीस, पोरी?"

"आले की! उशीर नाही ना झाला?"

"झाला. सकाळीच आटपलं सगळं."

"असं कसं? मला बघू तर द्या!" नेस्तान थेट आतल्या खोलीत शिरली, लांब टांगा टाकत तिने खोली मोजली आणि गादी दाबून पाहिली. "झकास! ही मोकळी कधी होणार?"

"परवाच झाली," बाईंनी डोळे पुसले.

"आधीचे गेले का सोडून? ओल आहे?"

"हृदय..."

"अहो, हृदय सगळ्यांनाच असतं! ओल आहे का ते सांगा!"

बाहेर कपबशांचा आवाज थांबला. तेव्हा कुठे नेस्तानला उशाशी काळ्या फितीतला, बाईंच्या नवऱ्याचा फोटो दिसला, पुढे तेवणारी मेणबत्ती दिसली.

"लाज नाही वाटत?" बाईंच्या नणंदबाई कडाडल्या. "चल, नीघ!"

पण एव्हान्थियाबाईंचे खांदे हलायला लागले. रडतायत म्हणून सगळे धावले, तर बाई चक्क हसत होत्या!

"दोन दिवस सगळे विचारतायत, आता एकटी कशी राहशील? राहायला येते म्हणणारी ही एकटीच! राहू दे हिला."

"आणि... ती पाटी?" नेस्तान पुटपुटली.

"ती वरच्या मजल्याची. जागा वर्षापूर्वीच गेली, पाटी काढायला कोणाला सवड आहे?"

नेस्तानचा धीर क्षणात परतला. "मग भाडं किती, मावशी?"

"ते उद्या," बाईंनी तिच्या हातात ॲप्रन कोंबला. "आधी हे साठ कप विसळ."