पडद्याची उघडझाप

"उघडला की ती दिसते, मिटला की अंधार! माणसानं जगावं तरी कसं?"

सासूबाई माझ्या अगदी कानाशी पुटपुटल्या. 'ती' म्हणजे समोरच्या घरात राहणारी त्यांची सख्खी धाकटी बहीण. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंची शिवणाची कात्री हरवली. "छोटीनंच नेली!" असं त्या चारचौघांत म्हणाल्या आणि अबोला सुरू झाला. मावशी रोज चार ते सहा समोरच्या खिडकीत शिवत बसतात. तेवढा वेळ आमचा पडदा बंद! दुखऱ्या गुडघ्यांनी तो ओढायला उठणं ही सासूबाईंची रोजची चढाई.

"आई, काळजी सोडा. पडदा आपला आपण हलेल!" मी छाती ठोकून सांगितलं. पुस्तकं वाचून वाचून मी शेजाऱ्यांची घंटासुद्धा दुरुस्त केली आहे. आता ती फक्त शेजारी झोपले की वाजते, पण वाजते!

एक छोटी मोटर, दोन रिले म्हणजे विजेनं आपोआप लागणारे खटके, एक टायमर. पहिल्या रिलेनं मोटर सुलट फिरते, पडदा उघडतो. दुसऱ्यानं उलट फिरते, पडदा मिटतो. कधी कुठला लागायचा, ते टायमर ठरवणार.

"आणि बंद करायचं बटण?" ह्यांनी विचारलं.

"आपोआप चालणाऱ्या यंत्राला बटण कशाला, अहो?"

चारला पाच कमी असताना मी बॅटरीला वायरी डाख देऊन पक्क्या केल्या. पडदा झोकात मिटला. टाळ्या! सहा सेकंदांनी उघडला. मग मिटला. मग उघडला! तपासणीसाठी सेकंदांवर ठेवलेला टायमर तासांवर न्यायला मी विसरले होते आणि आता त्याची खुंटी जागची हलेना.

"मिटव तो आधी!" सासूबाई ओरडल्या.

"सहा सेकंद थांबा, मिटेल!"

समोर चारच्या ठोक्याला शिवायला बसलेल्या मावशींनी मान वर केली. पडदा मिटला. उघडला, तेव्हा त्यांनी चष्मा काढला होता. पुन्हा उघडला, तर त्या हात हलवत होत्या! आणखी एकदा उघडला, तेव्हा खुर्ची रिकामी.

"अगं, ती इकडेच येतेय!" हे म्हणाले. जिन्यावर पावलं वाजायला लागली.

वायर तोडायला काहीतरी हवं होतं. मी सासूबाईंच्या कपाटाकडे धावले, लोकरीच्या कपड्यांखाली हात घातला आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली, पण कुणीच कधी न पाहिलेली ती वस्तू ओढून काढली. कच्! पडदा अर्ध्यावर लटकला.

"ताई! पडलीस की काय? किती वेळ खुणा करते आहेस!" दारात मावशी धापा टाकत उभ्या. डोळ्यांत पाणी. मग ते डोळे माझ्या हाताकडे वळले. काळ्या मुठीची, लाल दोरा बांधलेली कात्री!

हे पंख्याची पाती मोजू लागले. तीनच होती, तरी बराच वेळ लागला.

"ही ना मावशी, आम्ही नवीन..."

"गप्प बस गं," सासूबाई म्हणाल्या. गुडघ्यांवर हात रोवून त्या स्वतः उठल्या. "छोटे, कात्री कपाटातच होती. पहिल्याच आठवड्यात सापडली. सांगायची लाज वाटली. चुकलं माझं."

मावशींनी कात्री घेतली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि नाक ओढत म्हणाल्या, "धार पार घालवलीस की गं हिची!"

"ते मात्र मी नाही हं!" सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.